तीन दिवसांचं अक्षर

समारंभ संपला की मंडपवाला खुर्च्या मोजून घेतो, लाइटवाला वायरी गुंडाळतो, केटररची पातेली टेम्पोत चढतात. स्टेजच्या बाजूला दोन दिवस दिमाखात उभं असलेलं सहा फुटी बोधचिन्ह तेवढं कुणाचंच नसतं. कंपनीचा माणूस फोटो काढून विमानतळाकडे निघालेला असतो, इव्हेंटवाल्याला पुढच्या कामाची घाई असते आणि हॉलच्या व्यवस्थापकाला सकाळच्या लग्नासाठी जागा मोकळी हवी असते. मग ते चिन्ह हॉलच्या मागे, जनरेटरच्या आडोशाला जाऊन पडतं. सनबोर्डचं असेल तर कित्येक वर्षं तसंच राहील, थर्माकोलचं असेल तर भुगा होऊन गटारात जाईल, प्लायचं असेल तर कुणाच्या तरी माळ्यावरचं फळकूट होईल आणि पुठ्ठ्याचं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रद्दीवाल्याच्या हातगाडीवर असेल. या पुस्तकाचा विषय हा शेवटचा प्रकार आहे: उद्घाटनं, प्रदर्शनं, परिषदा, दुकानांच्या दर्शनी काचा यांसाठी घडवली जाणारी मोठाली पुठ्ठ्याची बोधचिन्हं आणि अक्षरं. विषय किरकोळ वाटेल, आणि एका अर्थी तो आहेही. पुठ्ठा स्वस्त पडतो म्हणून किंवा पर्यावरणाच्या नावानं बरा दिसतो म्हणून वापरावा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं म्हणणं त्याहून थोडं निराळं आहे. वस्तू जितके दिवस उभी राहायची, तितक्याच बेताच्या आयुष्याच्या साहित्यातून ती घडवावी. हे माप लावलं की पुठ्ठ्याचा जो दुबळेपणा म्हणून दाखवला जातो, तीच त्याची लायकी ठरते.

आधी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. ही चिन्हं इतकी मोठी कशासाठी? सभागृहात आलेल्या माणसाला यजमान कंपनीचं नाव ठाऊक असतं; ते निमंत्रणावर असतं, गळ्यातल्या बिल्ल्यावर असतं, पाण्याच्या बाटलीवरही असतं. वाचण्यासाठी सहा फुटी अक्षराची गरज कुणालाच नसते. ते अक्षर कॅमेऱ्यासाठी असतं. माणूस शेजारी उभा राहिला की दोघं एका चौकटीत नीट बसावेत, एवढीच त्याची उंची ठरते. म्हणून ही चिन्हं साधारण पाच ते सात फुटांच्या आसपास घोटाळतात, त्याहून मोठी झाली की फोटोत माणूस मुंगीएवढा होतो. बक्षीस समारंभात दिला जाणारा पुठ्ठ्याचा तीन-चार फुटी चेक याच जातीचा. तो घेऊन कुणी बँकेच्या खिडकीशी जात नाही, खरी रक्कम खात्यात परस्पर जमा होते आणि तरीही तो चेक हातात नसेल तर बक्षीस दिल्यासारखंच वाटत नाही. म्हणजे या वस्तूंना दोन आयुष्यं असतात. एक फोटोतलं, ते वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याला ऊन-पाऊस लागत नाही. दुसरं देहाचं, ते शेवटचा फोटो निघेपर्यंतचं. आपण बहुतेक वेळा या दोहोंची गल्लत करतो आणि फोटोला हवं असलेलं चिरंजीवित्व देहाला देऊन बसतो.

पुठ्ठ्याला हे काम सांगण्याआधी त्याचं कूळ पाहून घ्यावं. पन्हळी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी घेतलं, ते उंच टोपीच्या आतल्या अस्तरासाठी: टोपीचा आकार राहावा आणि घामही शोषला जावा म्हणून. १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्सनं तोच पन्हळी कागद बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला वापरला. १८७४ साली ऑलिव्हर लाँगनं पन्हळीच्या अंगाला सपाट कागद चिकटवला आणि आज आपण ज्याला पुठ्ठा म्हणतो तो जवळजवळ तयार झाला. पुढची गंमत ब्रुकलिनमधल्या रॉबर्ट गेअरच्या कागदी पिशव्यांच्या कारखान्यात १८७९ च्या सुमारास झाली. पिशव्यांवर घडी पाडणारी धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि तिनं घडी पाडण्याऐवजी कागद कापला. नुकसान झालं, पण एकाच दाबात कापणंही होऊ शकतं आणि घडीही पडू शकते, हे गेअरच्या ध्यानात आलं. आजचं डाय-कटिंग त्याच चुकीचा वारसा आहे. या सगळ्या इतिहासात पुठ्ठ्याचं काम एकच राहिलं: दुसऱ्या कुणाला तरी सांभाळणं आणि मग बाजूला होणं. टोपी, बाटली, काच, पुढे टीव्ही आणि आंबे. बोधचिन्ह पुठ्ठ्याचं झालं तेव्हा या खोक्याच्या आत ठेवायला काहीच उरलं नाही. वेष्टनच प्रदर्शनाला मांडलं गेलं. जाहिरातीच्या धंद्याबद्दल यापेक्षा प्रामाणिक विधान दुसरं कुठलं साहित्य करत असेल असं वाटत नाही.

पुठ्ठा कमजोर, ही समजूत त्याच्या एका कागदाकडे पाहून होते. ताकद मात्र दोन कागदांमधल्या अंतरात असते. वरचा कागद ताण घेतो, खालचा दाब घेतो आणि मधली पन्हळ दोघांना एकमेकांपासून लांब धरून ठेवते. हे अंतर दुप्पट केलं की पुठ्ठ्याचा ताठपणा जवळजवळ चौपट होतो आणि वजन मात्र किंचितच वाढतं. लोखंडी तुळईचा आडवा छेद इंग्रजी आय अक्षरासारखा असतो, त्यामागंही हेच गणित आहे. म्हणून बाजारात तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय अशी जी चढती भाजणी लागते, ती नुसत्या कागदांच्या मोजणीची नसते, अंतराचीही असते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, खेळाडूंना पुठ्ठ्याच्या चौकटीचे पलंग दिले तेव्हा जगभर टवाळी झाली. ते पलंग दोनशे किलो भार पेलणारे होते, आणि एका आयरिश जिम्नॅस्टनं त्यावर उड्या मारून दाखवल्या तरी मोडले नाहीत. फक्त पन्हळीची दिशा जाणली पाहिजे. उभ्या पन्हळीवर ठेवलेला भार पुठ्ठा मुकाट्यानं सोसतो, आडव्या पन्हळीवर तोच भार आला की गुडघ्यात वाकतो. बिघडलेल्या दहा पुठ्ठा-अक्षरांपैकी निम्मी तरी या एका दुर्लक्षानं बिघडलेली असतात.

ताकदीचा प्रश्न असा सुटला तरी वजनाचा प्रश्न उलट बाजूनं उभा राहतो, आणि इथं थोडं आकडेमोडीत शिरलं पाहिजे. माणसाएवढ्या उंचीचं, म्हणजे १.८ मीटरचं, चाळीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असं एक सरळसोट खांबासारखं अक्षर धरू. आतल्या फासळ्या धरून त्याला साधारण साडेतीन चौरस मीटर पाच प्लाय पुठ्ठा लागेल आणि एकूण वजन तीन किलोच्या आतबाहेर भरेल. हे अक्षर एक माणूस काखोटीला मारून जिना चढू शकतो, हा त्याचा मोठा गुण. पण ताशी दहा-बारा किलोमीटरची झुळूक, म्हणजे झाडाची पानं सळसळवणारा वारा, त्याला आडवं करायला पुरेसा होतो. कोपऱ्यातला पेडेस्टल पंखासुद्धा ते काम करतो. ताशी छत्तीस किलोमीटरच्या झोतासमोर ते उभं राहायचं असेल तर तळाशी तीस किलो वाळू ठेवावी लागेल, नाहीतर बैठक दुप्पट खोल करून पंधरा किलो. म्हणजे अक्षराच्या पाच ते दहा पट ओझं त्याच्या पायात. अनुभवी कारागीर वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे कॅन पोकळीत आधीच बसवतात. नवखे उद्घाटनाच्या ऐन क्षणी सेलोटेप शोधत फिरतात.

इथं पहिला गंभीर आक्षेप येतो: जे झुळुकीनं पडतं ते गर्दीत ठेवावंच कशाला? त्याला माझा प्रतिप्रश्न असा की पडलंच तर अंगावर काय पडावं? १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात जो फलक पेट्रोल पंपावर कोसळला, तो एकशे वीस फूट लांब आणि तितकाच रुंद होता; महापालिकेच्या नियमात कमाल चाळीस फूट बसतं. सतरा माणसं गेली. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये फलकाचा सांगाडा उतरवताना तो रस्त्यावर कोसळला, तेव्हा चार माणसं गेली. या दुर्घटनांना पुठ्ठा हा उपाय आहे असं कुणी म्हणणार नाही. रस्त्यावरच्या फलकाची आणि सभागृहातल्या चिन्हाची जातच वेगळी. पण मोठेपणाची हाव आणि टिकाऊपणाची हाव एकत्र आल्या की काय होतं, ते इथं दिसतं. पुठ्ठ्याला एका मर्यादेपलीकडे मोठं होताच येत नाही. बारा-पंधरा फुटांच्या वर गेलं की आतला लाकडी किंवा लोखंडी सांगाडाच खरं काम करू लागतो आणि पुठ्ठा नुसता रंगाचा धनी उरतो. साहित्यानंच घातलेली ही वेसण मला अडचणीपेक्षा सोय वाटते.

मोठं घडवून थोडक्या दिवसांत मोडून टाकण्याची कला आपल्याकडे बोधचिन्हांच्या कितीतरी आधीपासून आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरमचे उंचच उंच ताबूत बांबू आणि कागदाचे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मिरवला जाणारा नरकासुर कागद, गवत आणि तारेचा, आणि पहाटे तो जाळला गेला नाही तर त्याला अर्थच उरत नाही. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी लोंबणारे आकाशकंदील कामट्यांचे आणि रंगीत कागदाचे. गणपतीचं मखर तर घराघरातलं. या सगळ्यांत साहित्याचं आयुष्य आणि उत्सवाचं आयुष्य एकमेकांना धरून होतं. ही जोडी मोडली ती थर्माकोलनं. पांढरंशुभ्र, हलकं, गरम तारेनं लोण्यासारखं कापलं जाणारं ते साहित्य आलं आणि दोन पिढ्यांचे सजावटकार त्यावरच तयार झाले. दहा दिवसांच्या मखराला शेकडो वर्षं न कुजणारा देह मिळाला. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रानं प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली. त्याच वर्षी जुलैत गणेशोत्सवापुरती तरी सूट द्या अशी थर्माकोल सजावटकारांची मागणी मुंबई उच्च न्यायालयानं नाकारली. १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या नियमानं सजावटीचं थर्माकोल आणि शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर देशभर बंद झाले. नेहमीचं फ्लेक्स त्याहून जाड असतं, त्यामुळे ते या चाळणीत अडकत नाही, ही गोष्ट निराळी. जाडजूड वस्तूंना सरकारी नियम बरेचदा असे वाट करून देतात.

बंदीमुळे पुठ्ठ्याकडे वळलेल्या सजावटकारांना जे कळलं ते बोधचिन्ह करणाऱ्यांनी शिकण्यासारखं आहे. थर्माकोल कोरता येतं, म्हणजे आकार आतून बाहेर काढता येतो. पुठ्ठा कोरता येत नाही. त्याला घडी घालावी लागते, खाचेत खाच अडकवावी लागते, वळण हवं असेल तर पन्हळीला समांतर हलके छेद देऊन तो गोल फिरवावा लागतो. थोडक्यात, थर्माकोल शिल्पकाराच्या हाताला बसतं, तर पुठ्ठ्याला शिंप्याची नजर लागते. सपाट कापडातून अंगाला बसणारा सदरा शिवणारा जसा आधी कागदी खाका कापतो, तसा इथं आधी उलगडलेला आराखडा काढावा लागतो. म्हणून पुठ्ठ्याचं चिन्ह सपाट अवस्थेत प्रवास करतं. सहा अक्षरांचं नाव एका स्कूटरवर जाऊ शकतं आणि जागेवर उलगडून उभं राहतं. मुंबईत टेम्पोचं भाडं आणि गोदामाची जागा ज्यांनी मोजली आहे त्यांना या एका गुणाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

आणि मोठं करणं म्हणजे नुसतं आकड्यांनी गुणणं नव्हे. कागदावर दोन सेंटिमीटरचं असलेलं चिन्ह दोन मीटरचं झालं की त्यात दडलेल्या गोष्टी उघड्या पडतात. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ घ्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ते १९७१ साली केलं. मधला छोटा गोल आणि खाली उतरणारी चीर, एवढ्या काटकसरीचं चिन्ह दुसरं सापडणं कठीण. पण ते उभं करायचं म्हणाल तर वर्तुळ जमिनीला एकाच बिंदूत टेकतं, आणि नेमकी त्याच जागी ती चीर असते. म्हणजे चिन्ह दोन टोकांवर तोललं जातं आणि त्याला बैठक बाहेरून द्यावी लागते. २०१० साली स्वीकारलेलं उदय कुमार यांचं रुपयाचं चिन्हही असंच. छापील कागदावर ते तोलदार दिसतं, पण तिथं त्याला उभं राहायचंच नसतं. पुठ्ठ्यात आणलं की सगळा भार तिरप्या पायाच्या टोकावर येतो. चिन्ह रेखाटणाऱ्याचा यात दोष नाही. कागदाच्या पानावर गुरुत्वाकर्षण नसतं, एवढंच.

देवनागरीचा प्रश्न तर स्वतंत्र प्रकरणाचा आहे आणि या पुस्तकातलं तेच सर्वांत मोलाचं प्रकरण ठरावं. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी राहतात; बहुतेकांना पाय आहेत आणि एकेक अक्षर सुटं करून ओळीनं मांडता येतं. म्हणूनच शहरोशहरी तलावाकाठी ‘आय लव्ह’ म्हणणारी जी अक्षरं उभी असतात ती मराठी मुलखातही बहुधा रोमनच असतात, मधलं लाल हृदय १९७७ साली मिल्टन ग्लेझरनं न्यूयॉर्कसाठी काढलेल्या चिन्हाकडून उसनं आणलेलं. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. म, न, प, स यांना उजवीकडे दंड आहे, क ला मध्ये आहे. पण ट, ठ, ड, द, ह, र यांचं खालचं टोक गोलावून हवेत संपतं. त्यांना जमिनीवर ठेवा, ती लवंडतात. उकार आणि जोडाक्षरं तर तळरेषेखाली उतरतात. वरवर ही अडचण दिसते, पण सबंध शब्द एकत्र धरून पाहिला की चित्र पालटतं. शिरोरेषा तुळई होते, दंड खांब होतात आणि बिनपायाची अक्षरं दोन खांबांच्या मध्ये तुळईला आयती टांगली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द सुट्या अक्षरांत उभा राहत नाही. एका शिरोरेषेखाली तो चांगल्या बांधणीच्या ओसरीसारखा उभा राहतो. त्याहून सरस म्हणजे तो वरूनच टांगावा. आपल्याकडे तोरण, पताका, कंदील सगळं टांगलेलं असतं, आणि टांगलेल्या पुठ्ठ्याला ना वाळूची पिशवी लागते ना लवंडण्याची भीती राहते. कमल शेडगे यांनी नाटक-सिनेमांच्या शीर्षकांतून अक्षराला विषयाचा स्वभाव दिला, र. कृ. जोशींनी संगणकासाठी ‘मंगल’ टंक घडवला. कागदावर आणि पडद्यावर देवनागरीनं इतका विचार पाहिला. तीन मितींत तिच्या वाट्याला अजून रोमनची उसनी बैठकच आली आहे.

आता कचऱ्याचा आक्षेप. ज्याचं आयुष्य तीन दिवसांचं ते करायचंच कशाला, असं विचारणाऱ्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. काहीच न करणं हे केव्हाही सर्वांत हिरवं. पण करायचं ठरल्यावर कशाचं करायचं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचा निवाडा मी प्रयोगशाळेपेक्षा रद्दीवाल्याच्या तराजूवर करीन. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. ज्या तीन वस्तूंना विकत घेणारा आहे त्या त्या नावातच आल्या आहेत, आणि कागद त्यात पहिला. सनबोर्डला भंगारात गिऱ्हाईक मिळत नाही. फ्लेक्सला नाही असं म्हणवत नाही, कारण पावसाळ्यात झोपडीवर, भाजीच्या हातगाडीवर, गोठ्यावर फ्लेक्स अंथरलेलं दिसतं आणि उमेदवाराचे जोडलेले हात निवडणुकीनंतरही वर्षभर कुणाचं तरी छप्पर होतात. तो उपयोग खरा आहे, आणि पुठ्ठ्याच्या कैवाऱ्यांनी तो नाकारू नये. मात्र ते छप्पर फाटल्यावर पुढे त्याची वाट बंद होते. कागदाचा तंतू पाच-सात वेळा तरी लगद्यातून नव्यानं कागद होऊ शकतो. अट एक: त्याला तसा जाऊ द्यायला हवा. चकाकीसाठी प्लास्टिकचं लॅमिनेशन, वरून विनाइल, मागून फोमची टेप आणि कडेला एलईडीची पट्टी असा थाट केला की पुठ्ठा नावापुरता उरतो आणि रद्दीवाला तो नुसता पायानं ढकलून बघतो. ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून मिरवणाऱ्या चिन्हांपैकी बरीच या लेपापाशी नापास होतात.

टिकाऊ चिन्ह एकदाच करून पन्नासदा वापरलं तर पुठ्ठ्यापेक्षा ते बरं, हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि मला तो अर्धा मान्य आहे. ज्या बँकेला वर्षभर गावोगावी तेच मेळावे घ्यायचे आहेत तिनं ॲल्युमिनियमचं, पेटीत बसणारं, स्क्रूनं जोडायचं चिन्ह करावं. तिथं पुठ्ठ्याचा आग्रह धरणं हा हट्ट होईल. पण ‘पुन्हा वापरू’ हे वाक्य ज्या सहजतेनं बोललं जातं त्या सहजतेनं पाळलं जात नाही. परिषदेच्या नावात साल असतं. प्रायोजक बदलतो. कंपनी दोन-तीन वर्षांत बोधचिन्हाचा निळा रंग एका छटेनं बदलते आणि जुन्या निळ्याकडे पाहणंही विपणन विभागाला असह्य होतं. गोदामाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या ॲक्रिलिकच्या अक्षरांचं भाडं दरमहा चढत राहतं. पुनर्वापराचा हिशेब खरोखर मांडायचा असेल तर आधी तारखा मांडाव्यात: पुढचे पाच कार्यक्रम कुठले, केव्हा, कोण नेणार. कागदावर तारखा आल्या तर धातू, नाही आल्या तर पुठ्ठा.

पाऊस आणि आग यांबद्दल थोडक्यात. दमट हवेत पुठ्ठ्याची खोक्यासारखा दाब सोसण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि आपला गणेशोत्सव भाद्रपदातच येतो. पाणी पृष्ठभागापेक्षा कापलेल्या कडेतून, पन्हळीच्या उघड्या तोंडातून आत शिरतं. म्हणून कडा कागदी टेपनं बंद करणं आणि तळ जमिनीपासून दोन बोटं उचलणं या दोन गोष्टी कुठल्याही महागड्या लेपापेक्षा जास्त कामाला येतात. उघड्या मैदानात श्रावण-भाद्रपदात पुठ्ठा उभा करू नये, हे सरळ सांगितलेलं बरं. आगीचं भय त्याहून खरं आहे. पुठ्ठा पेटतो, आणि पोकळ अक्षर तर धुराड्यासारखं पेटतं. थर्माकोलही पेटतं, वितळून ठिबकतं आणि काळा धूर सोडतं, हे खरं असलं तरी दुसऱ्याचा दोष दाखवून आपला झाकला जात नाही. जुन्या हॅलोजन दिव्यांच्या शेजारी पुठ्ठ्याचं चिन्ह ठेवणं हा मूर्खपणा होता. एलईडीनं तो धोका पुष्कळ कमी केला, पण वायरींचे उघडे जोड आणि समई अजून जागच्या जागी आहेत. दीपप्रज्वलन आणि पुठ्ठ्याचं बोधचिन्ह यांच्यात किमान दोन हात अंतर असावं, एवढं तरी सूत्रसंचालकाच्या कागदावर लिहिलेलं असायला हवं.

आणखी एक आक्षेप हळवा आहे: तात्पुरत्या वस्तूही कधीकधी लोकांच्या होऊन जातात, त्यांना आधीच मरणाच्या साहित्यात घडवणं अन्याय नाही का? उदाहरण म्हणून हॉलीवूडची ती पांढरी अक्षरं पुढे केली जातात. १९२३ साली घरबांधणीच्या एका योजनेची जाहिरात म्हणून ती डोंगरावर लागली, तेव्हा शब्द ‘हॉलीवूडलँड’ असा होता आणि ती दीडएक वर्षच राहायची होती. १९४९ मध्ये शेवटचं ‘लँड’ काढून टाकलं, आणि लाकूड-पत्र्याची मूळ अक्षरं कुजत, कोसळत राहिली. १९७८ साली नऊ दात्यांनी नऊ अक्षरांचा खर्च उचलून ती नव्यानं पोलादात उभी केली. साहित्यानं ती अक्षरं वाचवली नाहीत, लोकांच्या हव्यासानं वाचवली. याची दुसरी बाजू कागदाच्याच बाजूनं बोलते. कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर शिगेरू बान यांनी कागदी नळ्यांचं एक तात्पुरतं प्रार्थनाघर उभारलं. दहा वर्षं ते वापरात राहिलं आणि नंतर उतरवून तैवानला नेऊन पुन्हा उभारलं गेलं. उलट ॲमस्टरडॅमच्या म्युझियम चौकातली ‘आय ॲमस्टरडॅम’ ही माणसाएवढी अक्षरं मजबूत होती, जगभर गाजलेली होती, आणि डिसेंबर २०१८ मध्ये पर्यटकांच्या गर्दीला कंटाळलेल्या शहरानंच ती तिथून हलवली. लोकांना हवं झालं तर कागदही समुद्र ओलांडतो. नको झालं तर सहज उचलता येणारं बरं.

शेवटी, हे सगळं कशासाठी, तर कुण्या कंपनीच्या जाहिरातीसाठी, असं कुणी नाक मुरडून म्हणेल. म्हणावं. मखराच्या मध्ये मूर्ती असते आणि मखर तिच्यासाठी झिजतं. बोधचिन्हाच्या मध्ये बोधचिन्हच असतं, हा फरक मीही विसरत नाही. ताबूत आणि नरकासुर यांच्या पंगतीला साबणाचं नाव बसवण्याची माझी इच्छा नाही. पण कामाचा आणि गिऱ्हाइकाचा हिशेब वेगळा ठेवता येतो. ज्या हातांनी भाद्रपदात मखर केलं तेच हात मार्गशीर्षात वाहन प्रदर्शनाची अक्षरं करतात. तीच खळ, तोच कटर, तीच तळहातावरची चीर. समोरून पाहणाऱ्याला रंगवलेलं, गुळगुळीत, कंपनीच्या नियमपुस्तिकेतल्या छटेचं चिन्ह दिसतं. मागून पाहिलं तर उघडा तपकिरी पुठ्ठा असतो, त्यावर शिसपेन्सिलीनं टाकलेली मापं, चुकून पुसायची राहिलेली बेरीज, ‘वर’ असं लिहून काढलेला बाण, पन्हळीची दिशा सांगणाऱ्या दोन रेघा आणि वाळूच्या पिशवीसाठी पाडलेली चौकोनी खिडकी. फोटोत ती बाजू कधीच येत नाही. या पुस्तकातली पहिली आकृती मागच्या बाजूचीच आहे.